ठमीचा विसावा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक शाळा डोळ्यांसमोर आणा. मेळघाटच्या माथ्यावर, चिखलदऱ्याला, दरीच्या काठाशी असलेली बैठी शाळा. पावसाळ्यात ढग खिडकीतून सरळ वर्गात येतात आणि फळा ओला करून जातात. आता त्या शाळेच्या व्हरांड्यातून चालत जा. पहिलीच्या वर्गाला कुलूप आहे. दुसरीच्या वर्गाला कुलूप आहे. तिसरीच्या वर्गात बुटकी बाकं एकावर एक उलटी रचून ठेवली आहेत आणि त्यांच्या पायांना कोळ्यांनी जाळी विणली आहेत. चौथीचा वर्ग मात्र उघडा आहे. त्यात एकच मुलगी बसली आहे.

तिचं नाव मैना इंगळे. गुरुजी हजेरी घेताना तिचं नाव पुकारायचे आणि हसून वही मिटायचे. मैना गावातली सगळ्यांत धाकटी. तिच्यामागून गावात कोणी जन्मलंच नव्हतं. त्यामुळे तिला आयुष्यात कोणी ‘ताई’ म्हटलं नव्हतं. खेळात ती कायम लिंबूटिंबू. लग्नात अंगठी शोधायला, भूमिपूजनाला नारळ ठेवायला, कुठेही ‘लहान मूल आणा’ म्हटलं की लोक मैनालाच धरून न्यायचे. नऊ वर्षांची घोडी झाली तरी!

गावावर काही रोगराई आली नव्हती. सरकारने बंदी घातली नव्हती. लोक मजेत होते. ते फक्त वाट बघत होते.

कशाची, ते समजायला आधी पांडाची एक गंमत समजून घ्यावी लागेल. पांडाची मादी वर्षातून एकदाच, वसंतात, दोन-तीन दिवस माजावर येते. तेवढ्यात नर भेटला तर भेटला, नाहीतर पुढच्या वर्षीपर्यंत बसा. बरं, गर्भ राहिला तरी तो लगेच वाढू लागत नाही. खसखशीच्या दाण्याहून लहान असा तो जीव आईच्या गर्भाशयात न रुजता नुसता तरंगत राहतो. जमिनीत पडलेलं बी ओलाव्याची वाट बघतं, तसा. आईचं पोट भरलेलं आहे, अंगावर चरबी चढली आहे, दिवस लहान होत चालले आहेत, अशा खुणा तिच्या शरीराला पटल्या, की आतून हुकूम सुटतो, ‘रुज!’ तिथून दीडेक महिन्यात पिल्लू बाहेर येतं. म्हणून तर ते एवढंसं असतं. क्विंटलभर वजनाच्या आईचं पिल्लू तुमच्या तळहातावर मावेल. गुलाबी, आंधळं, केस म्हणून नाहीत. आवाज मात्र असा, की भिंतीपलीकडे ऐकू जावा.

शास्त्रज्ञांनी पुढे ‘रुज’ म्हणणारा हुकूम शोधला, आणि तो रोखून धरणारं औषधही शोधलं. त्या औषधाला नाव पडलं ‘विसावा’. विसावा रोज पोटात गेला, की तो दाण्याएवढा जीव हवी तितकी वर्षं तरंगत राहायचा. शिळा होत नव्हता, बिघडत नव्हता. हे औषध आधी पांडांनाच दिलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. बांबूला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो आणि मग सगळं बन एकदम वाळून जातं. पांडांच्या मुलखात एकामागोमाग एक डोंगर फुलले आणि सुकले. पांडा उपाशी पडू लागले. तेव्हा काही गाभण माद्या दूरदूरच्या बांबूच्या प्रदेशांत हलवल्या आणि त्यांना विसाव्यावर ठेवलं. डोंगर पुन्हा हिरवे झाले की पिल्लं जन्मतील, असा बेत होता.

मग माणसांच्या मनात आलं, की हे आपल्यालाही बरंच आहे की! आधी घर होऊ दे. आधी नोकरी पक्की होऊ दे. उन्हाळे जरा सौम्य होऊ देत, मग बाळाला जगात आणू. बायका तरुणपणी दिवस राहू द्यायच्या आणि संध्याकाळी सातला विसाव्याची एक गोळी घ्यायच्या. ‘मी विसाव्यावर आहे,’ असं कौतुकाने सांगायच्या. वेळ कधी योग्य होईल हे सांगायला एक यंत्र होतं. हवा, पाणी, धान्य, दवाखाने, सगळं तोलून ते रोज एक आकडा काढायचं. त्याला म्हणायचे ‘अनुकूलांक’. चौकातल्या फलकावर तो आकडा दिसायचा आणि त्याखाली एक शब्द. ‘थांबा’ किंवा ‘चला’.

‘चला’ हा शब्द मैनाने अजून पाहिला नव्हता.

मैनाची आई, डॉक्टर शरयू इंगळे, थंडघरात पशुवैद्य होती. थंडघर म्हणजे पांडासाठी बांधलेली गार ठेवलेली इमारत. तिथे एकच मादी होती. आली तेव्हा तिचं नाव काही वेगळंच होतं; पण तिला बांबू घालणाऱ्या जानराव भुसारींच्या जिभेवर ते बसेना, म्हणून ती ठमी झाली. मैना रांगत होती त्या वर्षी ठमीवर विसावा सुरू झाला, मधाच्या पाण्यातून. सुट्टीच्या दिवशी तो वाडगा ठमीच्या पिंजऱ्याच्या गजांपाशी नेण्याचं काम मैनाचं होतं. ठमी जिभेने चटाचटा चाटायची आणि शेवटी वाडग्याची कड चावून बघायची.

त्या श्रावणात, एका रविवारी सकाळी, मैना वाडगा घेऊन गेली तर ठमी उठलीच नाही. कोपऱ्यात तिने बांबूच्या काड्यांचा गोल ढीग केला होता. त्यात ती पाठ टेकून बसली होती आणि छातीशी काहीतरी धरलं होतं.

“काका, बघा ना! हिने काय धरलंय?”

जानराव बांबू फोडत होते. ठमीच्या दाढा झिजल्यापासून तिला अख्खा बांबू चावत नसे. कोयता खाली ठेवून ते गजांपाशी आले.

“कणीस हाय थे. काल मीच देल्लं खायाले.”

“मग खात का नाही?”

“दरसालचं हाय तिचं. घरटं करते, हाताले सापडंल थे उराशी धरते, चाटते. चार-आठ दिवसांनी देते सोडून. मागच्या साली गाजर होतं, त्याच्या आंधी माह्या डाव्या पायातला जोडा. नवा होता बापा!”

मैना हसली नाही. ठमी त्या कणसाला मान वाकवून चाटत होती. कणीस निसटलं, तेव्हा तिने ते दातांनी अलगद उचललं, एकही दाणा न तुटता, आणि पुन्हा काखेत घेतलं.

तेवढ्यात आई आली. पांढरी कुपी तिच्या हातात होती. तिच्यातले थेंब मधाच्या पाण्यात घालायचे असत.

“आई, ही कशाची वाट बघतेय?”

“ती नाही गं बघत. आपण बघतोय. यंत्राने ‘चला’ म्हटलं की औषध बंद करू.”

“यंत्राने कधी कुणाला ‘चला’ म्हटलंय?”

“अजून नाही. पण आकडा सुधारतोय. मागच्या वर्षी एकसष्ट होता, आता सदुसष्ट आहे.”

“किती झाला की म्हणेल?”

आई खाली बसली. मुलीला समजावून सांगायला तिला आवडायचं. “असा ठरावीक आकडा नसतो त्याला. ते तराजूसारखं आहे. एका पारड्यात, आज पिल्लू जन्मलं तर त्याचं कसं होईल. दुसऱ्या पारड्यात, थांबलो तर याहून बरे दिवस येतील का. दुसरं पारडं जड असलं की ते म्हणतं, थांबा.”

“आणि थांबण्याचं वजन कुठल्या पारड्यात टाकतात?”

“म्हणजे?”

“थांबलं की काही बिघडत असेल ना? त्याचं वजन.”

“काहीच बिघडत नाही, मैना. तीच तर विसाव्याची खुबी आहे. थांबायला काही लागत नाही. म्हणून ते पारड्यात घेतच नाहीत.”

मैनाने वाडगा जमिनीवर ठेवला. मग म्हणाली, “काकांनी एकदा मला बोरांची पाटी दिली होती. म्हणाले, यातलं सगळ्यांत गोड बोर तुझं, लागेल तेवढा वेळ घे. मी एक उचलायचे, वाटायचं खाली आणखी गोड असेल. संध्याकाळ झाली, काका पाटी घेऊन गेले. मी एकपण खाल्लं नाही.”

“रडली होती लय,” जानराव म्हणाले.

“काकांना घरी जायचं होतं म्हणून ते पाटी घेऊन तरी गेले. यंत्राला कुठे घरी जायचंय? पुढे थोडं बरं असेल असं त्याला कायमच वाटणार. आई, ते कधीच ‘चला’ म्हणणार नाही.”

 आई हुशार बाई होती. विसाव्यावर तिने मोठमोठ्या सभांत भाषणं केली होती. त्या सभांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

“जंगलातली पांडा काय करते?” मैनाने विचारलं.

“जंगलात थंडी येते. चरबी उतरू लागते. तिला थांबून चालत नाही. एक तर रुजवायचं, नाहीतर गमवायचं. ठरवावंच लागतं.”

“म्हणजे तिला थांबायला काहीतरी लागतं. म्हणून तिला पिल्लं होतात.”

“त्यातली कितीतरी मरतातही, मैना. जुळी झाली तर आई एकच उचलते. दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही. दोघांना पुरेल एवढं दूध तिच्याजवळ नसतं. हे सगळं टाळायलाच आपण…”

“आई, बी थांबलंय,” मैना मधेच म्हणाली, “पण ठमी कुठे थांबलीय?”

जानरावांनी फोडलेला बांबू गजांतून आत सरकवला. ठमी आली तेव्हा कडाकडा बांबू मोडायची. आता तिच्या डोळ्यांभोवतीचे काळे डाग करडे झाले होते. आणखी एखाद-दोन वर्षांनी तिला पिल्लू झेपलंच नसतं. हे आईला माहीत होतं. ते तिला जितकं ठमीबद्दल माहीत होतं, तितकंच स्वतःबद्दलही. मैना दोन वर्षांची असल्यापासून ती स्वतः विसाव्यावर होती. मैनाचे बाबा अमरावतीला नोकरीला होते; त्यांची बदली इकडे झाली की दुसरं बाळ, असं आधी ठरलं होतं. बदलीचं नाव निघेनासं झालं, तेव्हा आकडा सत्तरला गेला की, असं ठरलं.

“कुपी दे इकडे,” मैना म्हणाली.

“मैना, हा खेळ नाही. पिल्लू जन्मलं आणि मेलं तर?”

“तर आपण रडू. आत्ता रडायलापण कोणी नाहीये.”

“वरून विचारतील मला. काय सांगू?”

“सांग, मैनाने ऐकलं नाही. आगाऊ आहे म्हणून सांग. सगळे म्हणतातच.”

तिने आईच्या हातातून कुपी घेतली, हिसकावली नाही. मोरीपाशी जाऊन उलटी केली. थेंब जाळीतून खाली गेले. आई चार पावलांवर उभी होती. तिने ठरवलं असतं तर मुलीचा हात धरता आला असता. तिने धरला नाही. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून नवी कुपी काढलीच नाही, आणि आठवड्याच्या अहवालात स्पष्ट लिहिलं, ‘औषध बंद केले आहे.’ वरून खरमरीत उत्तर आलं. तिने ते वाचलं आणि ठमीचं वजन करायला गेली.

पाऊस सरत आला तशी ठमी सुस्तावली. खाणं कमी झालं. पुन्हा तिने काड्यांचं घरटं केलं, पण या वेळी कणसाला हात लावला नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर एकच ठिपका दिसला, धडधडणारा. आईने तो मैनाला तीनदा दाखवला.

आणि बाळंतपणाचा दिवस उगवला तोच नेमका असा की विचारू नका. वादळाने घाटातल्या तारा तुटल्या. वीज गेली. दरड कोसळून परतवाड्याचा रस्ता बंद झाला. थंडघरात आई, मैना आणि जानराव एवढेच. बॅटरीवर चालणारा भिंतीवरचा अनुकूलांकाचा फलक तेवढा लाल उजळला होता. आकडा एकोणचाळीस. थांबा.

दुपारी ठमीने एक कळ दिली आणि किंकाळी उठली. ठमीची नव्हे, पिल्लाची. तळहाताएवढ्या त्या जिवाने सगळं थंडघर डोक्यावर घेतलं. ठमीने त्याला दातांनी अलगद उचललं, जसं कणीस उचललं होतं तसंच, आणि छातीवर ठेवून चाटू लागली. किंकाळी थांबली.

आई गजांना धरून उभी होती. तिचे गाल ओले होते. जानराव म्हणाले, “डाक्टरबाई, आता तरी हसा.”

तेवढ्यात दुसरी किंकाळी उठली.

पहिलं पिल्लू तर छातीवर गप्प होतं. मग हे कोण? ठमीच्या मागे, ओल्या फरशीवर, आणखी एक गुलाबी जीव हातपाय झाडत होता. पडद्यावर तो पहिल्याच्या आड दडला होता. ठमीने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग तोंड फिरवलं.

“जुळं!” आई म्हणाली. “काचपेटी, काका! ऊबेची पेटी काढा!”

जानराव जागचे हलेनात. “डाक्टरबाई… तिच्यात दही हाय.”

“काय आहे?”

“इथं गारठ्यानं इरजण लागत नाई. पेटी गरम राहाते. आठ वर्षं नुसती पडून होती, म्हून म्या…”

पेटीत चार गाडगी ओळीने मांडलेली होती. आईने ती उचलून फरशीवर ठेवली. ओरडली नाही. ती पेटी कधी लागेल असं त्या घरात कोणाला वाटलंच नव्हतं, तिलाही नाही. शिवाय वीज नव्हती. रिकामी केली तरी पेटी थंडच राहणार होती.

“मध आण, मैना. पाण्यात. कोमट कर.”

मैना धावली. वाडगा घेऊन ती गजांपाशी गुडघ्यांवर बसली. “ठमे, ए ठमे! ये, बघ तुझं पाणी.” आठ वर्षांची सवय होती ती. ठमीने पिल्लू पंजात धरून ठेवलं, पण मान लांब करून ती चाटायला लागली. आईने खालच्या झरोक्यातून हात आत घातला. प्रशिक्षणात तिने रबरी पिल्लू उचललं होतं, खरं कधीच नाही.  चार बोटांनी तिने तो जीव उचलला आणि बाहेर काढला.

“गार पडलंय,” ती पुटपुटली. “ऊब कुठून आणू…”

मैनाने स्वेटरची बटणं काढली. “इथे दे.”

पिल्लू तिच्या छातीवर आलं. ओलं, लिबलिबीत, काळजाएवढं. त्याने नखं रुतवली आणि एवढ्या जोराने ओरडलं की मैनाच्या कानांना दडे बसले. तिने स्वेटर वरून लपेटला आणि ती हलायचीच थांबली. थोड्या वेळाने किंकाळीची कुरकुर झाली.

“ऐकलं काय?” जानराव हळूच म्हणाले. “ताई म्हनते थे तुले.”

मग आईने पुढचं समजावलं. ठमी एकच पिल्लू सांभाळू शकते, कारण तिच्याजवळ एकावेळी एकापुरतंच बळ आहे. पण दोघं आळीपाळीने तिच्याकडे गेली तर? एक तिच्या छातीवर दूध पिणार, दुसरं आपल्या ऊबेत झोपणार. दोन-तीन तासांनी अदलाबदल. तिला मधाचं पाणी द्यायचं, ती चाटत असताना पिल्लू बदलायचं. तिला वाटेल आपल्याला एकच आहे. जगतील दोघंही.

“म्हणजे वाडगा आता याच्या कामाला,” मैना म्हणाली.

पहिली अदलाबदल चारच्या सुमाराला झाली. जानरावांनी आवाज काढायचा नाही असं ठरलं होतं, आणि ते इतके गप्प बसले की शिंक आली तेव्हा तोंडात टोपी कोंबली. ठमीने बदललेल्या पिल्लाला दोनदा हुंगलं आणि चाटायला घेतलं.

संध्याकाळ झाली. पाऊस थांबला होता. दरीतलं धुकं वर येऊन खिडकीशी टेकलं होतं. मैनाच्या स्वेटरमध्ये पहिलं पिल्लू होतं, दूध पिऊन गच्च झालेलं. पुन्हा बदलायची वेळ होत आली होती.

तेवढ्यात आईच्या मनगटावरच्या घड्याळाची घंटी वाजू लागली. सात वाजले होते.

याच क्षणी ती घंटी गावातल्या घराघरांत वाजत होती. आईने सवयीने पिशवीत हात घातला आणि गोळ्यांची पट्टी काढली. अंगठा एका गोळीवर ठेवला. मग तिने वर फलकाकडे बघितलं. लाल उजेडात आकडा आणखी खाली गेला होता. छत्तीस. थांबा. तिने खाली बघितलं. फरशीवर दह्याची चार गाडगी होती, पलीकडे ठमी होती, आणि समोर स्वेटर फुगलेली तिची मुलगी.

अंगठा तसाच राहिला. घंटी वाजत होती.

मैनाला खूप काही बोलायचं होतं. ठमीची कुपी तिने मोरीत ओतली होती; ही पट्टीही तिला काढून घेता आली असती. पण ठमीला विचारता येत नव्हतं. आईला येत होतं, आणि पोट आईचं होतं. म्हणून मैनाने पट्टीला हात लावला नाही. ती उठली, आईसमोर आली, स्वेटरमधून तो गुलाबी जीव काढला आणि पुढे केला.

“हे धर,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी धर. पडेल.”

आईला पट्टी बाजूला ठेवावी लागली. पिल्लू तिच्या ओंजळीत आलं आणि ओरडलं.

मैनाने मागे वळून बघितलं नाही. तिने वाडग्यात मध ओतला, पाणी घातलं, बोट बुडवून कोमट आहे का ते पाहिलं, आणि गजांपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

“ठमे,” ती म्हणाली, “चल गं.”